गाडीतला कॉम्प्युटर आणि राहून गेलेला निरोप

आमच्या घरात त्या वर्षी दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि तिसऱ्या माणसाला त्या दोघांचंही बोलावं लागत होतं. ते तिसरं माणूस म्हणजे मी. सकाळी बाबा जिना उतरता उतरता मोठ्याने म्हणायचे, "प्रज्ञा, आईला विचार, माझा लोकरीचा ग्रे जम्पर धुतला का." आई तिथून चार पावलांवर, कुकरसमोर उभी असायची. तिला ते स्पष्ट ऐकू गेलेलं असायचं, तिच्या हातातला डाव क्षणभर थांबलेलाही मला दिसायचा. पण "आई, बाबा विचारताहेत, ग्रे जम्पर धुतला का" असं मी म्हणेपर्यंत ती तोंड उघडत नसे. मग माझ्याकडे बघून म्हणायची, "सांग त्यांना, बॉयलरच्या कपाटात वाळत घातलाय." तेही बाबांनी ऐकलेलं असायचं, तरी मी सांगेपर्यंत ते जिन्यातच उभे राहत. दोघंही हा नियम कधी मोडत नसत. इतक्या शिस्तीने ती दोघं दुसरी कुठलीही गोष्ट करत नव्हती.

अबोला काही आपल्याकडे नवीन नाही. नागपूरला आमच्या नात्यात अबोले होत आणि सुटत. तीन दिवस, फार तर आठवडा. मग कुणीतरी आत्या किंवा आजोबा मध्ये पडत, दोघांनाही चार शब्द सुनावत, चहा होई, की पुन्हा सगळं सुरू. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आमच्या त्या चिंचोळ्या घरात मध्ये पडायला कुणी मोठं माणूसच नव्हतं. उजवीकडच्या भिंतीपलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा टीव्ही, डावीकडे रिकामं घर, आणि मध्ये आम्ही. मी सोळा वर्षांची होते आणि माझ्या तेव्हाच्या मराठीत भांडण मिटवण्याइतके शब्दही नव्हते. त्यामुळे जो अबोला नागपुरात रविवारपर्यंत टिकला नसता, तो आमच्याकडे दहा महिने नांदला.

आईने स्वयंपाकात मात्र कधी कमी केलं नाही. शिळं वाढलं नाही, मीठ चुकवलं नाही. बाबांना आवडणारा पाटवडीचा रस्सा दर शुक्रवारी व्हायचा, वर हिरवागार सांबार चिरून. मी 'कोथिंबीर' म्हटलं की ती अजूनही मला दुरुस्त करते. तिने फक्त एक गोष्ट बंद केली होती. ती "अजून वाढू?" असं विचारत नसे. बाबांना स्वतःहून वाढून घ्यायची सवय नव्हती. आईने आग्रह करायचा, त्यांनी नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरायचा आणि मग दोन पोळ्या जास्त खायच्या, असा त्यांचा लग्नापासूनचा परिपाठ. आता ते एकदा वाढलेलं संपवून थोडा वेळ ताटाकडे बघत बसत आणि उठून जात. त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला. मी तरी का विचारलं नाही, हा प्रश्न मला आता चाळिशी ओलांडल्यावर पडतो. तेव्हा वाटायचं, ते माझं काम नाही, माझं काम निरोपाचं.

झालं होतं ते असं. नागपूरहून मामाचा फोन आला की आजी, म्हणजे आईची आई, गेली. उद्या दुपारपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही जमणार, असं तो म्हणाला. आईला हीथ्रोहून त्याच दिवशीचं विमान मिळालं. आम्ही तिघं गाडीत बसलो, आई नेहमीसारखी पुढे, बाबांच्या शेजारी, मांडीवर रस्त्यांचा जाडजूड ॲटलास. या देशात आल्यापासून रस्ता वाचायचं काम तिचं होतं आणि तिचं न ऐकायचं काम बाबांचं. एरवी ती त्यांची गंमत असायची. त्या दिवशी आई रडत होती, पण बोट नकाशावरून ढळलं नव्हतं. एम-वन जिथे लंडनच्या रिंगरोडला मिळतो तिथे ती म्हणाली, "अहो, हा फाटा घ्या. हाच." बाबा म्हणाले, "थांब गं, मला माहितीये." आणि पुढे गेले. पुढच्या फाट्याने आम्ही रिंगरोडला लागलो खरे, पण उलट्या दिशेला, आणि तिथे कुठेतरी अपघात होऊन तीन लेन ठप्प झाल्या होत्या. विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद झालं होतं. पुढचं तिकीट दोन दिवसांनी मिळालं. आई पोचली तेव्हा आजीला पोचवून लोक आपापल्या घरी गेले होते. तीन आठवड्यांनी ती परत आली, तिला आणायला आम्ही गेलो, तेव्हा तिने बॅग ठेवली, मागचं दार उघडलं आणि मागे बसली. मी पुढे होते. घर येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग ती मला म्हणाली, "बाबांना सांग, किल्ली द्या म्हणावं."

आता मला ते लिहायला हवं, जे मी इतकी वर्षं घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर महिनाभराने बाबा बैठकीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून एका मोटरचं काम करत होते. हॉस्पिटल लोकांना घरी वापरायला जे विजेवर वर-खाली होणारे पलंग आणि आजाऱ्याला उचलायचे पाळणे देतं, ते दुरुस्त करत गावोगाव फिरायची त्यांची नोकरी होती. मान वर न करता, जम्परबद्दल विचारायच्याच आवाजात, ते म्हणाले, "बेटा, आईला सांग, माझं चुकलं."

मी वर गेले. आई बुद्धांच्या फोटोपुढे डोळे मिटून बसली होती, उदबत्ती अर्धी झाली होती. मी दारात उभी राहिले. तिने डोळे उघडून विचारलं, "काय म्हणताहेत?" आणि मी म्हणाले, "दूध संपलंय का विचारताहेत."

का, तर खरं कारण फार क्षुल्लक आहे. त्या वर्षापर्यंत आमच्या घरात माझी कुणाला फारशी गरज नव्हती. बाबा दिवसभर रस्त्यावर, आई नर्सिंग होममध्ये, रविवारी विहारात मराठीचा वर्ग घ्यायची. मी नव्या कॉलेजात एकटीने डबा खात असे. अबोला सुरू झाला आणि दोघंही घरात शिरताच आधी मला हाक मारू लागले. "प्रज्ञा, कुठेस?" दिवसातून वीस वेळा. तो एक निरोप पोचला असता तर माझी नोकरी गेली असती. एवढा सरळ विचार मी तेव्हा केला नव्हता, पण दूध हा शब्द तोंडातून निघाला तो त्यामुळेच. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, 'बाबा काल असं म्हणाले' हे कसं सांगायचं? आठवड्याने तर अशक्यच झालं. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांची समजूत झाली की निरोप गेला आणि आईने उत्तर दिलं नाही. ते आणखी गप्प झाले, आणि त्यांच्या गप्प होण्याचं कारण जगात फक्त मला माहीत होतं.

हे ओझं घेऊन मी काय करावं? मी गाडीत कॉम्प्युटर बसवायचं ठरवलं. हसू नका. निरोप पोचवण्यापेक्षा ते मला खरोखरच सोपं वाटलं. आई पुढे बसेनाशी झाल्यापासून बाबा रस्ते चुकत होते. कुठल्यातरी खेड्यात म्हातारी माणसं त्यांची वाट बघत पलंगात अडकलेली असायची आणि बाबा पेट्रोल पंपावर पत्ता विचारत फिरत. तेव्हा रस्ता सांगणारी तयार यंत्रं नुकती दुकानांत आली होती, पण त्यांची किंमत बघूनच माणूस बाहेर पडे. एका कॉम्प्युटरच्या मासिकात मागच्या पानांवर कुणीतरी लिहिलं होतं की जुना लॅपटॉप गाडीत बसवून तेच काम होतं. मी चौकटीच्या वहीत यादी केली आणि शनिवारी ज्या चपलांच्या दुकानात काम करायची, तिथल्या पगारात ती बसवायला घेतली.

लॅपटॉप मिळाला रविवारच्या जुन्या बाजारात. त्याची बिजागरी तुटली होती आणि अर्धा पडदा काळा पडला होता, म्हणून स्वस्त. मला पडदा नकोच होता. मागच्या सीटवरच्या पोरांना सिनेमे बघायला मिळतो तसला सात इंची छोटा पडदा मी बेलग्रेव्ह रोडवरच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून घेतला. त्यावर अक्षरं इतकी पुसट दिसत की सगळं तिप्पट मोठं करावं लागलं. नवीन घेतली ती एकच वस्तू, आकाशातले उपग्रह पकडणारी काळी डबी, खाली लोहचुंबक असलेली, टपावर चिकटणारी. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हा त्यातला खरा फायदा. इंजिन सुरू करताना गाडीची वीज क्षणभर खाली येते आणि साधा कॉम्प्युटर तिथेच मरतो. हा मात्र जुन्या थकलेल्या बॅटरीवर तेवढा वेळ तगून राहायचा. आईच्या जुन्या बेकिंग ट्रेला भोकं पाडून, खाली रबर लावून मी तो डाव्या सीटखाली बसवला. आवाजासाठी कॅसेटच्या आकाराचा एक अडॅप्टर मिळायचा. तो टेपमध्ये सारायचा, त्याची वायर लॅपटॉपला जोडायची, की गाडीच्या स्पीकरमधून आवाज. कॉलेज सुटल्यावर अंधार पडेपर्यंत जो तासभर मिळे तेवढ्यात मी फुटपाथला लावलेल्या त्या निळ्या गाडीत आडवी-तिडवी पडून हे सगळं करत असे. येणारे-जाणारे मला गाडीचोर समजून बघत. बोटं गारठून स्क्रू हातातून पडे, तो सीटखाली जाई, मग टॉर्च दातांत धरून शोधायचा. इतकी एकटी आणि इतकी कामात मी पुन्हा कधी नव्हते.

सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेतली तर खड्ड्यात गाडी आदळली की प्लग निसटायचा. म्हणून मी थेट बॅटरीपासून वायर आणली, बॉनेटच्या केबलशेजारच्या रबरी भोकातून आत. त्या दिवशी बाबा लवकर आले. बॉनेट उघडं, आणि त्यात त्यांची मुलगी.

"हे काय चाललंय?"

"बाबा, तुमच्या कारमध्ये कॉम्प्युटर इन्स्टॉल करतेय. तो रस्ता सांगेल."

त्यांनी वाकून वायरवरून बोट फिरवलं. "फ्यूज कुठाय?"

"अडॅप्टरमध्ये आहे ना."

"तो अडॅप्टरला वाचवेल. बॅटरीपासून इथपर्यंतची वायर कोण वाचवेल? कुठे पत्र्याला घासली तर पेटेल ही गाडी." ते आत गेले, फ्यूजची छोटी डबी घेऊन आले आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर मला ती जोडायला लावली. स्वतः हात लावला नाही, शेजारी उभे राहिले. झाल्यावर वायर ओढून बघितली. "गुड," म्हणाले. मला वाटलं आता विचारतील, 'त्या निरोपाचं काय झालं?' त्यांनी बॉनेट बंद केलं आणि आत गेले.

कॉम्प्युटर चालला. किल्ली फिरवली की जागा व्हायला त्याला चार मिनिटं लागत, पण जागा होई. त्यातली इंग्रज बाई मात्र बाबांना पटेना. "ही बाई फार घाई करते," म्हणत त्यांनी आवाज बंद केला आणि आपल्याच मनाने जाऊ लागले, आणि चुकू लागले. मी तो प्रोग्राम उघडून बघितला तर बाईची सगळी वाक्यं एका फोल्डरमध्ये सुटी सुटी ठेवलेली होती, चाळीसेक. त्याच नावाची दुसरी वाक्यं तिथे टाकली तर ती बोलली जाणार होती. मला लगेच कळलं कुणाचा आवाज टाकायचा. आणि हेही कळलं की विचारलं तर ती नाही म्हणेल.

"आई, तुझ्या वर्गात दिशांचा धडा आहे ना? मी रेकॉर्ड करून देते. मुलं घरी ऐकतील."

आईचा चेहरा असा खुलला की मला खाली बघावं लागलं. तिच्या वर्गात मला कधीच रस नव्हता. आज मी हे मराठीत लिहू शकते ते तिच्या त्याच वर्गामुळे, पण तेव्हा मी तिथे फक्त खुर्च्या मांडायला जायची. घरात पलीकडच्या बाईचा टीव्ही ऐकू येतो म्हणून आम्ही कपड्यांच्या मोठ्या कपाटात शिरलो, कोटांच्या मध्ये. आईच्या हातात माझी यादी.

"'राउंडअबाउटला सेकंड एक्झिट घ्या'? हे काय मराठी झालं?" तिने पेन मागून घेतलं आणि लिहिलं, गोल चौकातून दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडा. मग एकेक वाक्य तिने वर्गातल्या स्वच्छ, सावकाश आवाजात वाचलं. दोनशे यार्डांवर डावीकडे वळा. सरळ जात राहा. शेवटच्या वाक्याशी ती थांबली. "'शक्य झाल्यास मागे फिरा.' हे कशाला? धड्यात नाही हे."

"असू दे गं. एक्स्ट्रा."

तिने ते वाचलं, आवडलं नाही म्हणून पुन्हा वाचलं, आणि कपाटातून बाहेर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणी झालीस," म्हणाली.

पुढच्या शनिवारी दुकानात सुट्टी टाकून बाबांबरोबर मी एका गावाला निघाले. गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि स्पीकरमधून आई म्हणाली, "शंभर यार्डांवर उजवीकडे वळा." बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

"तिने केलं हे?"

"हो."

"माझ्यासाठी? तिला माहितीये?"

मी पुन्हा म्हणाले, "हो." एका खोट्याच्या पोटात दुसरं असतंच. त्यांनी चष्मा काढून पुसला, आरसा बघितला आणि उजवीकडे वळले. त्या दिवशी आईचं एकही वळण त्यांनी चुकवलं नाही.

मला वाटलं होतं, आता ते घरी जाऊन आईशी बोलतील. झालं उलटंच. त्यांच्या लेखी आईने त्यांच्या निरोपाला हे उत्तर दिलं होतं. तिला समोरासमोर बोलणं जमत नाही, पण एवढं जमतंय, तर एवढ्यातच भागवावं, असं त्यांनी ठरवलं असावं. ते गाडीत रमू लागले. दूध आणायलासुद्धा पत्ता घालून जात. घराबाहेर गाडी लावली तरी इंजिन चालू ठेवून पाच-दहा मिनिटं आत बसत. आणि घरात "प्रज्ञा, आईला विचार" हे हळूहळू थांबलं. जम्पर ते स्वतःच शोधू लागले. आई आपल्या जागी वाट बघत होती की हा माणूस कधीतरी एक शब्द बोलेल, आणि हा माणूस दिवसभर तिच्याशी बोलून आल्यासारखा समाधानाने जेवून वर जात होता. आता मला कुणीच हाक मारत नव्हतं. संध्याकाळी रेडिएटर टकटक वाजायचे, भिंतीपलीकडे टीव्हीतले लोक हसायचे, आणि आम्ही तिघं तीन खोल्यांत. घराच्या भिंतींचा मला तेव्हा जितका राग आला तितका माणसांचा कधी आला नाही. सगळं माझ्याच हातचं होतं, म्हणून कुणाजवळ रडायचीही सोय नव्हती.

मग मेश्राम काकूंच्या नातवाचं नामकरण आलं. या काकू आईच्या विहारातल्या मैत्रीण, मुलाने कॉव्हेंट्रीजवळ नव्या वसाहतीत घर घेतलं होतं. आईने पाटवडीचं मोठं पातेलं कबूल केलं होतं, ते घेऊन बसने जाणं शक्य नव्हतं. ती मागे बसली, पातेलं मध्ये, पलीकडे मी, पायांशी पिशव्या. गाडी निघताना मी पुढे वाकून आवाजाचं बटण खाली केलं. बाबांनी ते लगेच वर केलं. त्यांना आईला दाखवायचं होतं की ते किती ऐकतात. आरशात त्यांचा चेहरा बक्षीस घ्यायला निघालेल्या मुलासारखा दिसत होता.

"दोनशे यार्डांवर डावीकडे वळा."

आईचा पातेल्याच्या झाकणावरचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. किती वळणं झाली कुणास ठाऊक. प्रत्येक वळणावर पुढून आई बोलायची आणि मागे आई गप्प. शेवटी ती हलक्या आवाजात मला म्हणाली, "हा वर्गाचा धडा आहे ना?" मी मान डोलावली.

वसाहत इतकी नवी होती की कॉम्प्युटरच्या नकाशात तिथे नुसतं शेत आणि एक जुनी वाट होती. आईच्या हातात काकूंनी पाठवलेला कागद होता, पेनाने काढलेल्या रस्त्यांचा. एका चौकात आम्ही आलो.

"डावीकडे वळा," स्पीकर म्हणाला.

"अहो, सरळ!" आई मागून ओरडली. "सरळ जा, सरळ!"

दहा महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली होती. आणि बाबा डावीकडे वळले. सवयीने, हात आपोआप. पन्नास यार्डांवर रस्ता संपला. समोर बांधकामाचं जाळीचं कुंपण, त्यामागे विटांचे ढीग. गाडी थांबली. "शक्य झाल्यास मागे फिरा," स्पीकर म्हणाला. आणि पुन्हा, "शक्य झाल्यास मागे फिरा."

"ती मी नाहीये," आई म्हणाली. "मी इथं बसलेय."

बाबांनी टेपमधली कॅसेट उपटून काढली. ते मागे वळले, पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत. "पण तूच दिलास ना आवाज? मला वाटलं... मला वाटलं, तू माफ केलंस."

"मी कुठे दिला? मी पोरांसाठी वाचलं होतं. आणि माफ कशाचं करू? तुम्ही एक शब्द तरी बोललात का? माझी आई गेली हो. एक शब्द."

"बोललो होतो मी. तू आल्यावर महिनाभराने. 'माझं चुकलं' म्हणून निरोप दिला होता. हिच्याकडे."

आणि दोघं माझ्याकडे बघू लागली. किती तरी महिन्यांनी दोघांची नजर एकदम माझ्यावर होती. मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. 'सॉरी' असेल. आईने इतकंच विचारलं, "खरं?" आणि मी हो म्हटलं. तिने ओठ मिटले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "प्रज्ञा, जरा उतर."

मी उतरले. कुंपणाला धरून बांधकामवाल्यांच्या लोखंडी खोलीमागे गेले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं. रविवार होता, काम बंद, वारा सुटला होता. मधूनच गाडीतून आवाज येई, आधी आईचा चढलेला, मग बाबांचा, मग दोघांचा एकत्र, मग काहीच नाही. एकदा मी डोकावून बघितलं. काचांवर वाफ धरली होती आणि बाबांचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं होतं. मी पुन्हा मागे झाले. हे भांडण तरी माझ्यातून गेलं नव्हतं. त्यात मला जागा नव्हती आणि ते ऐकत राहावंसं वाटत होतं.

नंतर एकामागून एक दोन दारं उघडून बंद झाल्याचा आवाज आला. ती आई होती, मागून उतरून पुढे बसली होती. मागच्या दाराच्या आवाजावरून बाबांना वाटलं, मी येऊन बसले. आईला वाटलं, मी बसले म्हणूनच बाबांनी गाडी सुरू केली. मागे पातेलं, कोट, पिशव्या, इतकं सामान की कोण वळून बघतंय. मी खोलीच्या कोपऱ्यावरून पुढे आले तोवर गाडी मागे घेऊन वळत होती. अगदी माझ्या समोरून गेली. आईची काच थोडी खाली होती, तिच्या हातात काकूंचा कागद होता आणि ती बाबांना म्हणत होती, "अहो हळू, रस्सा सांडेल, आता उजवीकडे." आणि बाबा म्हणाले, "थांब गं, बघतोय." हाक मारली असती तर ऐकू गेली असती. माझा हात वरही झाला होता. पण ती दोघं बोलत होती, आणि मध्ये बोलायची माझी हिंमत झाली नाही.

त्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी, त्यामुळे घर सापडायला मला बराच वेळ लागला. शेवटी एका दारावर फुगे दिसले. मेश्राम काकू मला बघून धावत आल्या आणि माझे गार हात हातांत घेऊन चोळू लागल्या. त्या दोघांचं काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. आई-बाबा दारात आले तेव्हा एक पातेलं दोघांनी मिळून धरलं होतं, दोघांचेही डोळे लाल, आणि तरी पार्किंगवरून वाद चालू. काकूंनी विचारलं, "जय भीम, या या. आणि प्रज्ञा नाही आली?" तेव्हा दोघंही एकदम, एका सुरात म्हणाली, "आहे ना, गाडीत."